महिंद्रा रॉक्सॉर

महिंद्रा रॉक्सॉर हे महिंद्रा अँड महिंद्रा या भारतीय उद्योगसमूहाच्या अमेरिकेतील उपकंपनीने २०१८ साली बाजारात आणलेले, केवळ रस्त्याबाहेरील वापरासाठी असलेले चारचाकी वाहन आहे. त्याची जुळणी अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ऑबर्न हिल्स येथे, भारतातून आलेल्या सुट्ट्या भागांपासून करण्यात आली. रॉक्सॉरची वंशावळ विलीज सीजे-३बी या अमेरिकी जीपपर्यंत जाते. अमेरिकेत त्या जीपचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. भारतात मात्र तिचे वंशज पुढे अनेक दशके तयार होत राहिले. अमेरिकेत जन्मलेली, भारतात टिकलेली आणि पुन्हा अमेरिकेत परतलेली ही गाडी जीप या नाममुद्रेच्या मालकांना आपल्या आकाराची नक्कल वाटली. त्यातून उभा राहिलेला कायदेशीर वाद पाच वर्षे चालला. एखाद्या वाहनाच्या आकारावर मालकी कोणाची, हा त्या वादाचा गाभा होता आणि रॉक्सॉर आज प्रामुख्याने त्यासाठीच ओळखली जाते.

मूळ वाहन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी वाहनासाठी कारखानदारांकडून आराखडे मागवले. मुदत इतकी तोकडी होती की बहुतेकांनी प्रयत्नही केला नाही. पेनसिल्व्हेनियातील अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या मदतीने पहिला नमुना वेळेत सादर केला. बँटमची उत्पादनक्षमता मात्र सैन्याची गरज भागवण्याइतकी नव्हती. त्यामुळे ओहायो राज्यातील टोलिडो येथील विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांनाही आराखडे उपलब्ध करून देण्यात आले. अखेरीस विलीजचे इंजिन आणि तिन्ही कंपन्यांच्या कल्पना यांच्या मिश्रणातून जे वाहन प्रमाणित झाले, त्याची विलीज व फोर्ड यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक संख्येने निर्मिती केली. पत्र्यातून ठोकून काढलेली, उभ्या फटी असलेली पुढची जाळी ही जीपची सर्वांत परिचित खूण खरे तर फोर्डच्या कारखान्यातून आली. लोखंडी पट्ट्या जोडत बसण्यापेक्षा एकाच पत्र्याला छेद देणे स्वस्त पडते, एवढेच तिचे कारण होते. युद्धकालीन जाळीत नऊ फटी होत्या. नागरी वाहनात हेडलाइट मोठे झाल्यावर त्या सात उरल्या.

हा तपशील पुढील वादाच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. जीप आपणच निर्माण केली असा दावा विलीजने युद्धकाळात जाहिरातींतून केला, तेव्हा अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने त्यास आक्षेप घेतला आणि १९४८ मध्ये कंपनीला असा दावा करण्यास मनाई केली. तरीही 'जीप' हे व्यापारचिन्ह १९५० मध्ये विलीजच्याच नावे नोंदले गेले. नाव एकाचे, कल्पना अनेकांच्या, अशी ही सुरुवात आहे.

युद्धानंतर विलीजने शेतकरी आणि छोट्या व्यावसायिकांसाठी नागरी जीपची मालिका सुरू केली. तिचे इंग्रजी आद्याक्षरांतील नाव सीजे असे होते. १९४५ मध्ये सीजे-२ए, १९४९ मध्ये सीजे-३ए आणि १९५३ मध्ये सीजे-३बी ही प्रतिमाने आली. सीजे-३बी मध्ये हरिकेन नावाचे नवे इंजिन होते. त्यात हवा आत घेणारी झडप इंजिनाच्या डोक्यात आणि धूर बाहेर सोडणारी झडप खालच्या ठोकळ्यात बसवली होती. त्यामुळे ताकद वाढली, पण इंजिनाची उंचीही वाढली. जुन्या बॉनेटखाली ते मावेना, म्हणून बॉनेटच उंच करण्यात आले. या उंच बॉनेटमुळे सीजे-३बी दिसायला काहीशी बोजड वाटते. अमेरिकी ग्राहकांत ती मालिकेतील इतर गाड्यांइतकी लाडकी झाली नाही; १९६८ पर्यंत तिच्या सुमारे १,५५,००० गाड्या तयार झाल्या. परदेशात मात्र तिचे नशीब वेगळे होते. जपानमध्ये मित्सुबिशीने आणि भारतात महिंद्राने परवान्याखाली तिचे उत्पादन केले. उंच बॉनेटखाली डिझेल इंजिन बसवायला जागा होती, हा तिचा दोष तिथे गुण ठरला.

दरम्यान 'जीप' या नावाची मालकी सतत बदलत राहिली. १९५३ मध्ये विलीज कंपनी कायझरने घेतली, १९७० मध्ये ती अमेरिकन मोटर्सकडे आणि १९८७ मध्ये क्रायस्लरकडे गेली. पुढे डेमलर, सर्बरस आणि फियाट अशी वळणे घेत ती फियाट क्रायस्लर या समूहात आली आणि २०२१ पासून स्टेलांटिस समूहात आहे. परवाना देणारी मूळ कंपनी अशा रीतीने अनेकदा विकली गेली असताना परवाना घेणारी मुंबईतील कंपनी मात्र तीच राहिली.

भारतातील वाटचाल

जगदीशचंद्र महिंद्रा, कैलाशचंद्र महिंद्रा आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले. ते त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर-जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा असे बदलले. कैलाशचंद्र महिंद्रा युद्धकाळात अमेरिकेत भारतीय पुरवठा मंडळाचे काम पाहत होते. तेथे त्यांची विलीजचे अभियंते बार्नी रूस यांच्याशी ओळख झाली आणि भारतातील कच्च्या रस्त्यांसाठी हे वाहन योग्य आहे, ही कल्पना त्यातून पुढे आली, असे कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते.

१९४९ मध्ये पहिल्या ७५ जीप सुट्ट्या भागांच्या रूपात मुंबईत आल्या आणि माझगाव येथे त्यांची जुळणी झाली. १९५४ पासून विलीजच्या सहकार्याने प्रत्यक्ष उत्पादनाला सुरुवात झाली. पुढे कांदिवली येथील कारखाना या वाहनांचे मुख्य केंद्र बनला. आयातीवरील निर्बंध आणि परवाना पद्धतीच्या त्या काळात नवे आरेखन आणणे महाग होते आणि जुने टाकून देण्याचे कारणही नव्हते. म्हणून गाडीचा बाह्य आकार जवळपास तोच राहिला आणि आतील यंत्र बदलत गेले. पेट्रोलच्या जागी ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन आले, मग प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या आरेखनावर आधारित डिझेल इंजिन आले. पाया वाढवून अधिक माणसे बसतील अशी प्रतिमाने निघाली. एमएम ५४०, एमएम ५५०, मेजर, कमांडर, क्लासिक ही त्यांपैकी काही नावे आहेत.

महाराष्ट्रात या गाड्यांनी शासकीय दौऱ्यांपासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत सर्व कामे केली. सातारा, सांगली, कोल्हापूर भागातील 'वडाप' आणि विदर्भ-मराठवाड्यातील 'काळी-पिवळी' या खासगी प्रवासी वाहतुकीच्या व्यवस्थाही दीर्घकाळ अशाच गाड्यांवर चालल्या. क्षमतेच्या दुप्पट प्रवासी घेऊन घाट चढणारी जीप हे ग्रामीण महाराष्ट्रातील ओळखीचे दृश्य होते. मराठी बोलीत 'जीप' हा शब्द एका कंपनीचे नाव न राहता उघड्या, दणकट, कॅनव्हासच्या टपाच्या कोणत्याही गाडीसाठी सामान्यनाम बनला आहे. ज्यांच्या मालकीचे हे नाव आहे त्यांच्या दृष्टीने हीच चिंतेची बाब असते, कारण सामान्यनाम झालेले नाव कायद्याने राखणे अवघड जाते.

प्रदूषणाचे निकष कडक झाल्यावर जुन्या प्रतिमानांचे दिवस भरले. २०१० मध्ये महिंद्राने त्याच धाटणीची थार ही गाडी आणली. तिच्यात अधिक आधुनिक इंजिन आणि पुढे स्वतंत्र सस्पेन्शन होते, पण दर्शनी भाग स्पष्टपणे सीजेच्या घराण्यातला होता. रॉक्सॉर ही या पहिल्या थारची थेट नातलग आहे.

अमेरिकेतील पुनरागमन

रॉक्सॉर हा महिंद्राचा अमेरिकेतील पहिला प्रयत्न नव्हता. त्या देशात कंपनीचे ट्रॅक्टर अनेक वर्षांपासून विकले जात होते. २००९-१० च्या सुमारास डिझेल पिकअप ट्रक अमेरिकेत विकण्याची योजना आखण्यात आली होती. ती वितरकाशी झालेल्या वादात बारगळली. याच योजनेच्या काळात, २००९ मध्ये, क्रायस्लरशी एक करार झाला. महिंद्राने ठरावीक नमुन्याची पुढची जाळी वापरली, तर त्या जाळीबद्दल जीपच्या व्यापारचिन्हाचा भंग झाल्याचा दावा केला जाणार नाही, असे त्यात म्हटले होते. त्या वेळी किरकोळ वाटलेला हा कागद पुढे वादाच्या केंद्रस्थानी आला.

अमेरिकेत रस्त्यावर चालणारी मोटार विकायची तर अपघातसुरक्षेच्या आणि प्रदूषणाच्या संघीय निकषांतून जावे लागते. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या बांधणीच्या गाडीला ते जवळपास अशक्य आहे. कंपनीने यावर काढलेला मार्ग साधा होता: गाडी रस्त्यासाठी विकायचीच नाही. अमेरिकेत शेती, शिकार, जंगलकाम आणि हौशी भटकंतीसाठी 'साइड-बाय-साइड' नावाच्या छोट्या वाहनांचा मोठा बाजार आहे. त्यात दोन माणसे शेजारी-शेजारी बसतात आणि मोटारींचे निकष या वाहनांना लागू होत नाहीत. रॉक्सॉर या वर्गात नोंदवण्यात आली. काही राज्यांत अशा वाहनांना स्थानिक रस्त्यांवर मर्यादित परवानगी मिळते, पण महामार्गावर ती चालवता येत नाहीत.

मार्च २०१८ मध्ये ऑबर्न हिल्स येथे रॉक्सॉरची घोषणा झाली. मूळ किंमत १५,५०० डॉलरच्या आसपास, म्हणजे तत्कालीन दराने सुमारे दहा लाख रुपये होती. डेट्रॉइटच्या परिसरात मोटार जुळवणारा नवा कारखाना अनेक दशकांनंतर उभा राहत असल्याने स्थानिक पातळीवर त्याचे स्वागत झाले. १९४९ मध्ये अमेरिकेतून खोक्यांत भरून भाग माझगावला आले होते. २०१८ मध्ये भारतातून खोक्यांत भरून भाग मिशिगनला गेले. योगायोग असा की फियाट क्रायस्लरचे अमेरिकेतील मुख्यालयही ऑबर्न हिल्स येथेच होते. त्यामुळे वादी आणि प्रतिवादी एकाच गावचे रहिवासी ठरले.

रचना

रॉक्सॉरचा सांगाडा शिडीच्या आकाराचा, पेटीसारख्या बंद पोलादी तुळयांचा असून बॉडीही पोलादी पत्र्याची आहे. पुढे व मागे अखंड आस आणि पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत. या बाबतीत ती थारपेक्षाही जुन्या वळणाची आहे. चाकांमधील अंतर ९६ इंच, म्हणजे सुमारे २.४ मीटर आहे. मूळ सीजे-३बी चे हे अंतर ८० इंच होते. गाडीचे वजन चौदाशे किलोग्रॅमच्या आत असून ती सुमारे १,५८० किलोग्रॅम भार ओढू शकते.

इंजिन अडीच लिटरचे, चार सिलिंडरांचे, टर्बो जोडलेले डिझेल इंजिन आहे. त्याची ताकद ६२ अश्वशक्ती आणि टॉर्क १९५ न्यूटन-मीटर आहे. भारतीय वाचकांना हे आकडे परिचित वाटतील, कारण गावोगावी दिसणाऱ्या बोलेरोच्या बोनेटखाली याच घराण्याचे इंजिन अनेक वर्षे होते. इंजिनाचा सर्वाधिक जोर कमी फेऱ्यांवरच मिळतो. त्यामुळे चिखलातून किंवा दगडांवरून सावकाश चढताना ते उपयोगी पडते, वेगासाठी नाही. वेग मुद्दाम ताशी ४५ मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटरपर्यंत मर्यादित केलेला होता. पाच गिअरचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स आणि दोन टप्प्यांची ट्रान्सफर केस ही मूळ मांडणी होती. पुढे स्वयंचलित सहा गिअरांचा पर्यायही देण्यात आला. दरवाजे आणि पक्के छप्पर नव्हते. गाडी उलटल्यास बचावासाठी डोक्यावर पोलादी नळ्यांचा पिंजरा होता.

या वर्गातील इतर वाहने साधारणपणे प्लास्टिकच्या बॉडीची, पेट्रोलवर चालणारी आणि पट्ट्यावर फिरणाऱ्या स्वयंचलित गिअरची असतात. ती हलकी व चपळ असतात आणि त्यांचे सस्पेन्शन लांब हेलकावे घेऊ शकते. त्यांच्या तुलनेत रॉक्सॉर जड, संथ आणि अरुंद वाटेवर अवघड होती. मात्र बहुतेक दुरुस्त्या साध्या पान्यांनी, शेतातल्या गोदामात करता येत. तिच्या खरेदीदारांना आकर्षण होते ते याच गोष्टीचे. आपल्या आजोबांच्या शेतावर जशी गाडी होती तशी नवी कोरी मिळते आहे, असे त्यांना वाटले. कंपनीच्या दृष्टीने जे विक्रीचे बलस्थान होते, तोच फियाट क्रायस्लरच्या तक्रारीचा मुख्य पुरावा झाला.

कायदेशीर वाद

ऑगस्ट २०१८ मध्ये फियाट क्रायस्लरने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार दाखल केली. सामान्य न्यायालयाऐवजी या आयोगाकडे जाण्यामागे विचार होता. १९३० च्या आयात शुल्क कायद्याच्या कलम ३३७ नुसार, बौद्धिक संपदेचा भंग करणारा माल देशात येऊ न देण्याचा अधिकार आयोगाला आहे. रॉक्सॉरची जुळणी अमेरिकेत होत असली तरी तिचे भाग भारतातून येत होते. भाग सीमेवरच अडवले, तर कारखाना आपोआप थांबतो. उत्तरादाखल महिंद्राने मिशिगनमधील संघीय न्यायालयात दावा केला आणि २००९ च्या करारामुळे अशी तक्रार करताच येत नाही, असे म्हणणे मांडले.

तक्रारीचे दोन भाग होते. एक नोंदणीकृत व्यापारचिन्हांविषयी, म्हणजे मुख्यतः पुढच्या जाळीच्या चित्राविषयी होता. दुसरा 'ट्रेड ड्रेस'विषयी होता. ट्रेड ड्रेस म्हणजे एखाद्या वस्तूचे असे एकंदर रूप, जे पाहताच ग्राहकाला ती कोणाची आहे हे कळते. शीतपेयाच्या बाटलीचा विशिष्ट आकार हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. अशा रूपाला नोंदणीविनाही संरक्षण मिळू शकते. त्यासाठी लोकांच्या मनात ते रूप एका उत्पादकाशी जोडले गेले आहे, ते केवळ उपयोगासाठी तसे नाही आणि दुसऱ्याची वस्तू पाहून लोकांचा गोंधळ होण्याचा संभव आहे, हे दाखवावे लागते.

फियाट क्रायस्लरने जीपच्या रूपाची सहा लक्षणे सांगितली. पहिले, बाजू सपाट उभ्या असलेली आणि मागची उंची बॉनेटइतकीच असलेली पेटीसारखी बॉडी. दुसरे, कडेला गोलाई असलेले आणि पुढे निमुळते होत जाणारे सपाट बॉनेट. तिसरे, समलंब चौकोनी आकाराची पुढच्या चाकांची कमान आणि जाळीच्याही पुढे आलेली मडगार्ड. चौथे, उभ्या लांबट फटींची सपाट जाळी आणि तिच्या वरच्या भागात गोल हेडलाइट. पाचवे, बॉनेटच्या बाहेरून बसवलेले खटके. सहावे, बाजूच्या पत्र्याचा खालचा भाग तसाच ठेवून कापलेली दरवाजाची जागा.

यांपैकी बहुतेक लक्षणांचे मूळ सौंदर्यदृष्टीत नव्हते. सपाट पत्रा ठोकायला सोपा, बाहेरचा खटका रणांगणावर हातमोजे घालूनही उघडता येतो, दरवाजा नसलेली गाडी चटकन सोडता येते. पण सत्तर वर्षांच्या जाहिरातींनी आणि चित्रपटांनी हीच रूपरेषा जीपची ओळख बनवली आणि कायद्याने विचारात घेतली ती ही ओळख. महिंद्राचा युक्तिवाद निराळ्या दिशेचा होता. हा आकार कंपनीने चोरलेला नसून विलीजच्याच परवान्याने १९४० च्या दशकापासून सांभाळलेला आहे, असे तिचे म्हणणे होते. इतिहासाच्या दृष्टीने हे म्हणणे खरे आहे. परंतु भारतात वापरण्यासाठी मिळालेला परवाना अमेरिकेच्या बाजारात ढाल ठरत नाही. बौद्धिक संपदेचे हक्क देशागणिक वेगळे असतात.

नोव्हेंबर २०१९ मध्ये आयोगाच्या प्रशासकीय न्यायाधीशांनी प्राथमिक निर्णय दिला. नोंदणीकृत व्यापारचिन्हांबाबतची तक्रार मान्य झाली नाही, पण ट्रेड ड्रेसचा भंग झाल्याचे त्यांनी मान्य केले. जून २०२० मध्ये आयोगाने हा निष्कर्ष कायम केला आणि दोन आदेश काढले: भंग करणाऱ्या गाड्या व त्यांचे भाग आयात करण्यास बंदी, आणि आधीच अमेरिकेत असलेल्या अशा मालाच्या विक्रीस मनाई. २००९ चा करार कंपनीला येथे वाचवू शकला नाही. तो जाळीपुरता होता आणि वाद आता संपूर्ण गाडीच्या रूपाचा झाला होता.

बदललेला चेहरा

निकालाची चाहूल लागताच महिंद्राने गाडीचे रूप बदलण्यास सुरुवात केली होती. २०२० च्या आरंभी दाखवलेल्या गाडीत जाळीतील उभ्या फटी जाऊन आडव्या पट्ट्यात मोठ्या अक्षरांत नाव आले. हा चेहरा जुन्या टोयोटा लँड क्रूझरसारखा दिसतो, असे अनेक मोटार समीक्षकांनी लगेच नोंदवले. एका जुन्या गाडीपासून दूर जाताना दुसऱ्या जुन्या गाडीजवळ पोहोचावे, हे या वर्गातील वाहनांच्या आरेखनात स्वाभाविक आहे. चौकोनी पत्रा आणि गोल दिवे यांचे वेगळे दिसणारे प्रकार मुळात थोडेच आहेत. त्यानंतर आणखी बदल करून 'पोस्ट-२०२० रॉक्सॉर' या नावाने ओळखली जाणारी आवृत्ती तयार झाली. डिसेंबर २०२० मध्ये आयोगाने ही नवी आवृत्ती जीपच्या ट्रेड ड्रेसचा भंग करत नाही असे ठरवले आणि तिच्या विक्रीचा मार्ग मोकळा झाला.

प्रकरण येथे संपले नाही. डेट्रॉइट येथील संघीय जिल्हा न्यायालयात फियाट क्रायस्लरने नव्या आवृत्तीवरही बंदी मागितली. ती नाकारली गेली. त्यावर अपील झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये सहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने जिल्हा न्यायालयाचा निर्णय रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. अपील न्यायालयाचा मुद्दा 'सुरक्षित अंतर' या तत्त्वाचा होता. नव्याने बाजारात येणारा स्पर्धक लोकांचा गोंधळ होणार नाही इतपतच वेगळा असला तरी चालते. पण ज्याने एकदा भंग केल्याचे सिद्ध झाले आहे, त्याला अशा सीमारेषेला चिकटून चालण्याची सवलत नाही. त्याने रेषेपासून पुरेसे लांब राहिले पाहिजे. पूर्वीच्या गाडीने लोकांच्या मनात रुजवलेला गोंधळ नव्या गाडीच्या वाट्याला फायद्याच्या रूपाने येऊ शकतो, हे या तत्त्वामागील कारण आहे. जिल्हा न्यायालयाने हे तत्त्व लक्षात घेतले नव्हते. २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्या दृष्टीने पुन्हा विचार केला आणि पुन्हा महिंद्राच्याच बाजूने निर्णय दिला. तोवर गाडीच्या अमेरिकेतील विक्रीची ऐन उमेदीची वर्षे वादात गेली होती.

जीपच्या जाळीवरून झालेला हा पहिला खटला नव्हे. २००१ मध्ये तत्कालीन डेमलर-क्रायस्लरने हमर एच-२ या गाडीच्या सात फटींच्या जाळीविरुद्ध दावा केला होता. हमरचा मूळ निर्माता एएम जनरल हाही एकेकाळी जीप कंपनीचाच भाग असल्याने त्या जाळीवर त्याचाही वारसाहक्क निघाला आणि बंदीची मागणी २००२ मध्ये फेटाळली गेली.

अमेरिकेबाहेरील पडसाद

ऑस्ट्रेलियात फियाट क्रायस्लरने दुसऱ्या पिढीच्या थारविरुद्ध पाऊल उचलले. ही गाडी ऑगस्ट २०२० मध्ये सादर झाली होती आणि तिची जीप रँग्लरशी असलेली जवळीक लपणारी नव्हती. २०२१ मध्ये महिंद्राने तेथील संघीय न्यायालयात हमी दिली की थार ऑस्ट्रेलियात आणायची झाल्यास ९० दिवस आधी सूचना दिली जाईल.

भारतात मात्र दोन्ही कंपन्या शेजारी नांदतात. दुसऱ्या पिढीची थार नाशिक येथे तयार होते. जीपची कंपास ही गाडी २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगाव येथे तयार होते आणि २०२१ पासून तेथेच रँग्लरचीही सुट्ट्या भागांपासून जुळणी होऊ लागली. नाशिक आणि रांजणगाव यांच्यात दोनशे किलोमीटरच्या आसपासच अंतर आहे.

पहिल्या पिढीच्या थारचे उत्पादन २०१९-२० च्या सुमारास थांबले, कारण एअरबॅगसह नवे सुरक्षा निकष आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेले बीएस-६ प्रदूषण निकष तिला पेलणारे नव्हते. अखेरच्या ७०० गाड्या 'थार ७००' या नावाने विकल्या गेल्या. त्यामुळे काही काळ असा आला की जुन्या धाटणीची, पाट्यांच्या स्प्रिंगांची महिंद्रा भारतात नवी मिळत नव्हती आणि अमेरिकेत मिळत होती.

तत्सम वाहने

मूळ देशात बंद झालेल्या रस्त्याबाहेरील गाड्या दुसऱ्या देशात टिकून राहण्याची आणखी उदाहरणे आहेत. जपानमध्ये मित्सुबिशीने सीजे-३बी वर आधारलेली जीप १९५३ पासून १९९८ पर्यंत, म्हणजे अमेरिकेतील उत्पादन थांबल्यावरही तीस वर्षे बनवली. स्पेनमधील सांताना या कंपनीने आधी परवान्याखाली आणि नंतर स्वतंत्रपणे लँड रोव्हरच्या जुन्या आरेखनाच्या गाड्या बनवल्या. त्यांतूनच २००७ मध्ये इव्हेको मॅसिफ ही गाडी निघाली. भारतात मारुतीने सुझुकी जिम्नीच्या १९८० च्या दशकातील पिढीवर आधारलेली जिप्सी १९८५ पासून तीन दशकांहून अधिक काळ विकली. जपानमध्ये जिम्नीच्या पुढच्या पिढ्या येऊन गेल्या तरी भारतीय सैन्याच्या मागणीमुळे जिप्सी टिकून होती.

रॉक्सॉरच्या वादाशी सर्वांत जवळचे साम्य इनिऑस ग्रेनेडियर या गाडीचे आहे. लँड रोव्हर डिफेंडरच्या मूळ मालिकेतील शेवटची गाडी २९ जानेवारी २०१६ रोजी इंग्लंडमधील सोलिहल येथील कारखान्यातून बाहेर पडली. रसायन उद्योगातील ब्रिटिश उद्योजक जिम रॅटक्लिफ यांनी तशाच धाटणीची नवी गाडी काढायचे ठरवले. ही योजना लंडनमधील ग्रेनेडियर नावाच्या मद्यालयात सुचली म्हणून गाडीला तेच नाव देण्यात आले. तिला बीएमडब्ल्यूची इंजिने आहेत आणि ती फ्रान्समधील हॅम्बाख येथे, पूर्वी स्मार्ट मोटारी तयार होत असत त्या कारखान्यात, २०२२ पासून बनते. जॅग्वार लँड रोव्हर या टाटा समूहाच्या मालकीच्या कंपनीने डिफेंडरचा आकारच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेण्याचा प्रयत्न केला होता. ब्रिटनच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने तो नाकारला आणि ऑगस्ट २०२० मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ते नाकारणे योग्य ठरवले. तज्ज्ञांना महत्त्वाचे वाटणारे आकारातील बारकावे सामान्य ग्राहकाच्या लेखी ओळखीची खूण ठरतातच असे नाही, असे त्यामागील कारण होते. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकी आयोगाने जीपबाबत जवळजवळ उलटा निष्कर्ष काढला होता. या दोन प्रकरणांत भारतीय कंपन्या परस्परविरुद्ध बाजूंना उभ्या होत्या: अमेरिकेत महिंद्रावर आकार उचलल्याचा आरोप होता, तर ब्रिटनमध्ये टाटांची कंपनी आकार राखू पाहत होती.